बिराजदार साहेबांची म्हातारी

गुरुसिद्ध बिराजदार साहेब लिंगैक्य झाले तेव्हा मी समुद्रात होतो. सोलापूरला पोचलो तो महिनाभरानं. घरी बसायला आलेल्या माणसांसमोर साहेबांच्या पत्नी गिरिजाकाकू मला म्हणाल्या, "तू त्यांच्यासंगं होतास. दोन शब्द सांग की." मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "साहेबांनी जन्मभर तेल वाचवलं."

बस्स. पुढं शब्दच फुटेना. कोपऱ्यातल्या एका काकांनी शेजाऱ्याला हळूच विचारलं, "घाण्याचा धंदा होता काय यांचा?"

मला हसू आलं, आणि हसता हसता मी जो रडायला लागलो तो काकूंनीच पाणी आणून दिलं. ज्या घरी सांत्वनाला जायचं त्याच घरच्या बाईकडून स्वतःचं सांत्वन करून घेऊन परतणारा माणूस माझ्याशिवाय दुसरा नसेल. तरीसुद्धा हा काही माझा सर्वांत मोठा गाढवपणा नव्हे. तो पुढं येईल. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसलोय.

त्या काकांचीही चूक नव्हती. सोलापुरातून समुद्र कुठल्याच बाजूला दिसत नाही. साहेब 'बोटीवर असतात' एवढंच नातेवाइकांना ठाऊक. ते क्रूझ जहाजाचे चीफ इंजिनिअर होते. क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल: माणसं तिकीट काढून येतात, खातात, पोहतात, नाचतात, आणि जहाज त्यांना घेऊन या बंदरातून त्या बंदराला जातं. नाचणाऱ्यांच्या पायाखाली चार मजले उतरून गेलं की इंजिनं. जहाज पुढं ढकलायला तेल लागतं तसं वर हजार माणसांना गार हवा, गरम पाणी आणि चोवीस तास जेवण पुरवायलाही लागतं. ते तेल कमी कसं लागेल, या एका विचारावर साहेबांनी आयुष्य काढलं.

मी अकलूजचा. साखर कारखान्याच्या बॉयलरवर दोन हंगाम काढले, परीक्षा दिल्या, मालवाहू जहाजावर एक करार केला आणि कनिष्ठ इंजिनिअर म्हणून साहेबांच्या जहाजावर येऊन पडलो. पहिल्या दिवशी इस्त्रीचा डगला घालून कंट्रोल रूममध्ये ताठ उभा. समोर एक बुटका माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोळे मीटरवर. वळून न बघताच त्यांनी विचारलं, "कुठला बे तू?"

तो सोलापुरी 'बे' ऐकला आणि परदेशी बंदरात मी एकदम सोलापूरच्या सात रस्ता चौकात जाऊन उभा राहिलो.

"अकलूजचा, साहेब."

"कारखान्यावर होतास म्हणं. कारखान्याला वीज कोण देतं?"

"कारखानाच की. चिपाड जाळायचं, वाफ करायची, वाफेवर वीज."

"हां. उसाचं चिपाड जाळून उसाचीच साखर करतात. आणि आपण हितं एवढी ऊब धुराड्यातनं आभाळाला देऊन टाकतो, आणि आंघोळीचं पाणी तापवायला परत तेल जाळतो. लाज वाटाय पायजे की नको?"

"पायजे साहेब," मी म्हणालो. धुराडं मी बांधलं नव्हतं, पण लाज मला वाटली. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी माझं नाव 'अकलूज'. खरं नाव त्यांना आठवत होतं की नाही, देव जाणे.

साहेबांचं घराणं अक्कलकोट रस्त्याकडचं, घरात कानडी आणि मराठी एका ताटात. रागावले की कानडी सुरू. त्यातला एक शब्द साऱ्या जहाजाला पाठ झाला होता: "साकु!" म्हणजे पुरे. तिसरं इंजिन गरज नसताना चालू दिसलं, की साकु. रिकाम्या सभागृहात पंखे फिरताना दिसले, की साकु. फिलिपिनो खलाशीसुद्धा दिवा मालवताना एकमेकांना "साकु, साकु" म्हणायचे.

प्रवाशांच्या खोल्यांना समुद्राकडं गॅलरी असायची. एसी चालू ठेवून लोक गॅलरीचं दार सताड उघडं टाकत. साहेब दुपारी स्वतः फेरी मारत. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईनं दार लावायला साफ नकार दिला. म्हणाली, नवऱ्याला समुद्राचा आवाज आवडायचा. तो गेल्यापासून तो आवाज ऐकतच झोपते. मी मागं उभा, म्हटलं आता होणार साकु. साहेबांनी टोपी काढली, भिंतीवरचा तिच्या खोलीचा एसी बंद केला आणि दार आणखी थोडं उघडून दिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तिला समुद्र पायजे, घेऊ दे की. समुद्राला एसी कशाला?"

मला स्फूर्ती चढली. दुसऱ्या दिवशी एका खोलीचं गॅलरीचं दार उघडं दिसलं, तसा मी न ठोठावता आत घुसलो आणि धाडकन ते लावलं. आत एक गृहस्थ टॉवेलवर. टॉवेलवर तरी होता, हे माझं नशीब. तक्रार थेट कॅप्टनकडं गेली. साहेबांनी स्वतःच्या नावानं माफीची चिठ्ठी लिहून पाठवली आणि मला म्हणाले, "एक दार लावायला गेलास आणि दुसरं वाजवायचं विसरलास. जा, जेव जा." चिठ्ठीत माझं नाव नव्हतं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. आज वाटतं, कौतुकाऐवजी थोडी भीती वाटायला हवी होती. चुकीची किंमत दुसऱ्यानं देण्याची सवय मला तिथंच लागली.

बंदरातून निघायची वेळ आली की साहेब शिडीपाशी घड्याळ घेऊन उभे. प्रवासी बाजारातून रमतगमत येत. पाव तास उशीर म्हणजे कॅप्टनला काहीच नाही. पुढच्या बंदरात सकाळी वेळेवर पोचायचं, एवढा वेग वाढवला की झालं. साहेबांचा जीव मात्र खालीवर.

"अकलूज, सोलापूरहून तुझ्या गावाला लग्नाला निघायचंय. मुहूर्त बाराचा. उशिरा निघालास तर काय करतोस?"

"गाडी ताणतो."

"ताणलीस की पेट्रोल जास्त. लग्न तेच, अक्षता त्याच, जेवण तेच. मग ते जास्तीचं पेट्रोल कुठं गेलं?"

"कुठं गेलं साहेब?"

"तुझ्या घरात आरशापुढं गेलं!"

जहाजाचं तर आणखी वाईट. वेग थोडा वाढवला तर तेल थोडं वाढत नाही, भलतंच वाढतं. शेवटी ते कॅप्टनच्या इतके मागं लागले, की कॅप्टननं कंटाळून प्रवाशांना परतायची वेळ पाव तास आधीची सांगायला सुरुवात केली. साहेबांनी त्या दिवशी स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणी आणि कडक भाकरी सगळ्या इंजिन रूमला वाटली. कडक भाकरी ही त्यांच्या मते माणसानं केलेली सर्वांत शहाणी गोष्ट: एकदा भाजली की महिनाभर चूल नको. ती खाताना एका युक्रेनियन इंजिनिअरचा दात हलला, तो भाग वेगळा.

सुट्टीत सोलापुरात मी त्यांच्या घरी जायचो. तिथं साहेबांचं काही चालत नसे. ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणायचे, "दुसरी शिट्टी झाली. बंद कर, आतल्या वाफेवर शिजंल." काकू आतून म्हणायच्या, "जहाजावर काय करायचं ते करा. माझ्या कुकरला हात लावला तर तुमालाच आत घालीन." साहेब माझ्याकडं बघून डोळे मिचकावायचे. मूलबाळ नव्हतं. भिंतीवर एका जहाजाचा फोटो होता, फक्त.

ते आमचंच जहाज. जुनं. खलाशी तिला 'म्हातारी' म्हणायचे. साहेब तिच्यावर माझ्यासारखेच कनिष्ठ म्हणून आले आणि तिच्यावरच चीफ झाले. मधल्या बढत्यांसाठी नवी जहाजं चालून आली ती त्यांनी घेतली नाहीत. अशा म्हातारीबद्दल एक दिवस कंपनीच्या कचेरीतून पत्र आलं. या हंगामात तिचं तेल दहा टक्क्यांनी उतरलं, तर गोदीत नेऊन दुरुस्ती करू आणि पुढं चालवू. नाही उतरलं, तर भंगारात.

साहेबांनी ते आम्हाला वाचून दाखवलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "म्हातारीला उपास धरायला लावायचाय. चला."

त्या हंगामात आम्ही काय नाही केलं! पाणबुडे लावून जहाजाच्या पोटाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडले, कारण खरबरीत पोट पाण्याला अडतं. पंखा, म्हणजे जहाजाला ढकलणारा तो पितळी राक्षस, घासून लखलखीत केला. धुराड्यातली ऊब अडवून तिच्यावर पाणी तापवलं. लॉण्ड्रीवाल्यांच्या पाया पडून चादरी धुवायच्या वेळा बदलल्या. तीन इंजिनांचं काम दोनांवर आणलं. साहेब दिवसाला चार तास झोपत असतील. आणि माझ्याकडं त्यांनी टाक्या दिल्या: रोज दुपारी बाराला टाक्यांत फीत सोडून तेल मोजायचं आणि किती जळालं ते लिहायचं. खाली माझी सही, तिच्याखाली त्यांची. म्हणाले, "बाकी सगळं माझ्या नजरेखाली हाय. टाक्या तुझ्यावर सोडल्या."

आता तो गाढवपणा.

आधीच्या मालवाहू जहाजावर एका वरिष्ठानं मला एक जुनी चाल शिकवली होती. तिला आम्ही 'खिसा' म्हणायचो. रोज जळालं त्यापेक्षा थोडं जास्त जळालं असं लिहायचं. मग टाकीत कागदापेक्षा थोडं जास्त तेल साठत जातं. वादळ आलं, वाट वाकडी झाली, की हे बिनकागदाचं तेल अब्रू राखतं. कारखान्यातला असो की जहाजावरचा, तेलावर जगणारा माणूस खिसा ठेवतोच. मला वाटलं, साहेब इतक्या तंगीत जहाज चालवताहेत, ऐन वेळी तेल संपलं तर? मी त्यांच्यासाठी खिसा ठेवायला लागलो. रोज थोडं. मनातले मांडे असे, की हंगाम संपला की त्यांना चार नंबरच्या टाकीपाशी नेऊन म्हणेन, बघा साहेब, तुमच्यासाठी केवढं साठवलंय.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. माझ्या आलं ते हंगामाच्या शेवटी, आकडा पुढ्यात पडल्यावर. कागदावर म्हातारीचं तेल साडेआठ टक्के उतरलं होतं. उरलेलं दीड आणि वर आणखी थोडं चार नंबरच्या टाकीत काळंभोर होऊन पडलं होतं, माझ्या प्रेमाचं प्रतीक म्हणून.

कचेरीला अहवाल जायच्या आधी कंट्रोल रूममध्ये आम्ही दोघंच. साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "अकलूज, आणखी काय करता आलं असतं बे?"

माझ्या जिभेवर होतं. शपथेवर सांगतो, जिभेवर होतं. पण सहा महिने रोज केलेल्या खोट्या नोंदी, त्याही बंदरांवरच्या अधिकाऱ्यांनी पाहिलेल्या. लायसन मिळून दोन वर्षंही झाली नव्हती. घरी आईनं मुली बघायला सुरुवात केली होती. मी म्हणालो, "काय न्हाय साहेब. सगळं केलं आपण."

"व्हय?"

"व्हय."

त्यांनी सही केली.

म्हातारी विकली गेली. तिला गुजरातच्या किनाऱ्यावर, जहाजं तोडतात तिथं, पोचवायला मोजकीच माणसं लागतात. साहेबांनी स्वतःहून नाव दिलं. मीही दिलं, का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. रिकाम्या जहाजावर पाऊल टाकलं की आवाज घुमायचा. खुर्च्या गेल्या होत्या, पियानो गेला होता. कचेरीनं तेल अगदी मोजून दिलेलं, भंगाराला कोण जास्त घालतो? वाटेत वारा समोरून लागला आणि किनाऱ्यासमोर भरतीसाठी आणखी एक दिवस थांबावं लागलं. तेल तळाला गेलं.

मी साहेबांना म्हणालो, "पुरत न्हाय वाटतं."

"चार नंबरची टाकी लाव."

"ती... ती रिकामी हाय साहेब. कागदावर..."

"कागदावर," साहेब म्हणाले. "लाव."

मी झडप फिरवली. मीटरचा काटा उठला. मी तिथंच लोखंडावर बसलो.

"कवापासनं ठाऊक हाय तुमाला?"

"शेवटच्या बंदरात. धक्क्यावरनं बघितलं. कागदाच्या मानानं जहाज चार बोटं जास्त बुडालेलं. आधी म्हटलं, पाणी असंल. पाणी मोजलं, सामान मोजलं. मग एकच राह्यलं."

"अहवाल जायच्या आधी?"

"दोन दिवस आधी."

"मग तुमी कचेरीला का न्हाय..."

"मी तुला विचारलं होतं," साहेब म्हणाले.

इंजिनांच्या आवाजातही ते मला स्वच्छ ऐकू आलं.

तेच पुढं बोलले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तू बोलला असतास तर दोघं मिळून गेलो असतो कचेरीत. काय व्हायचं ते झालं असतं. तू न्हाय म्हणालास. मग माझ्यापुढं दोनच वाटा. म्हातारी काय, आज न उद्या जायचीच. तुला अजून तीस वर्षं काढायचीत. ऊठ, जागेवर जा."

मी उठलो. माफी मागायची ती वेळ होती. मागितली नाही. "चूक झाली" हे दोन शब्द. टॉवेलवाल्या गृहस्थासाठी साहेबांनी लिहिले होते तेवढेसुद्धा मला जमले नाहीत.

तोडायला नेतात ते जहाज भरतीच्या पाण्यावर पूर्ण वेगानं किनाऱ्यात घुसवावं लागतं, म्हणजे ते चिखलात जितकं आत जाईल तितकं बरं. वरून हुकूम आला. साहेबांनी एरवी बंद ठेवलेली धरून चारही इंजिनं लावली आणि सगळी ताकद दिली. इतक्या वर्षांत म्हातारी अशी पळताना मी पाहिली नव्हती. भिंती थरथरत होत्या. मग खालून एक लांब, जड घसट आली, आम्ही सगळे पुढं कोलमडलो, आणि ती थांबली. साहेबांनी एकेक इंजिन स्वतःच्या हातानं बंद केलं. कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटलो.

नव्या जहाजावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी सोलापूरला गेलो, पक्कं ठरवून, की आज बोलायचंच. गाडीत वाक्यं पाठ करत आलो. काकूंनी दार उघडलं. त्या वाळल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "जेवत न्हाईत धड. दर सोमवारी त्या तोडणाऱ्यांच्या मुकादमाला फोन लावतात. कुठवर आलं, विचारतात. सांग की तू काहीतरी, तुझं ऐकतील."

माझं ऐकतील!

साहेब टेबलाशी बसले होते, फोन कानाला. विभूती होती, दाढी वाढलेली. मला बघून त्यांनी हातानंच बस म्हटलं. मोडक्या हिंदीत बोलणं चाललं होतं. वरचे मजले गेल्याचं त्यांना आधीच माहीत असावं. "अच्छा. कब उतारा? ...पूरा एक साथ? ...अच्छा." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवला.

"आज पंखा उतरवला म्हणं," मला म्हणाले. "मुकादम म्हणाला, भंगारात आलेल्या जहाजाचा एवढा साफ पंखा त्यानं कधी बघितला न्हाय. विचारत होता, कुणी घासला."

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, आमची पोरं होती."

मी म्हणालो, "साहेब, मला एक बोलायचं होतं. ते टाकीचं..."

"गाडी किती वाजता तुझी?"

"साडेचारला. पण साहेब..."

"मग नीघ. आत काकूला भेटून जा, तिनं डबा केलाय."

मी आत गेलो. डबा घेतला. काकूंच्या पाया पडलो. बाहेरच्या खोलीतून जाताना साहेबांच्या पाया पडायचं, तेव्हा तरी बोलायचं, असं ठरवून परत आलो. साहेब तसेच बसले होते. डोळे मिटलेले. उजवा तळवा टेबलाच्या लाकडावर सपाट ठेवलेला, थोडा दाबून. आतली धडधड बरोबर आहे का बघायला आम्ही इंजिनाच्या अंगावर हात ठेवतो, तसा. मी दारात उभा राहिलो. त्यांनी तळवा वीतभर सरकवला, पुन्हा दाबला, आणि वाट बघत राहिले.

मी आवाज न करता चपला घातल्या आणि जिना उतरलो.